चौकातलं सरकारी नाक

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही, आणि बसलाच तर मला वाईट वाटेल. उभ्या आयुष्यात मी एकच गोष्ट कमावली. ‘आज बुधवार’ असं मी म्हटलं की ऐकणारा आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघतो. ही पत मला म्हातारपणी घालवायची नाही. तेव्हा विश्वास ठेवू नका, फक्त मधेच उठून जाऊ नका.

मी नेहमी अशीच सुरुवात करतो. त्या दिवशीही केली. समोर गिऱ्हाइकाच्या बाकावर एक विमा एजंट बसला होता. त्याच्या फोनची सगळी आतडी टेबलावर मांडलेली होती, म्हणजे त्याला उठून जायची सोय नव्हती. टेबलामागे डोळ्याला भिंग लावून शंकासुराची लेक काम करत होती. दुकान तिचं. आधी तिच्या बापाचं होतं. बाप आता वरच्या खोलीत असतो, रेडिओवर बातम्या लावतो आणि मान डोलावत बसतो.

“काका, आज कोणती?” तिनं मान वर न करता विचारलं.

“नाकाची.”

तिनं सोल्डरिंगची गन खाली ठेवली, परत उचलली. “सांगा. पण यांना आधी चहा सांगा. तुमच्या गोष्टी उपाशीपोटी पचत नाहीत.”

तर शंकासुर हे काही तिच्या बापाचं नाव नव्हे, ती लोकांनी दिलेली पदवी. रेडिओ, टीव्ही, मिक्सर, इस्त्री, हाताला लागेल ते दुरुस्त करायचा आणि करता करता बातम्यांशी भांडायचा. बातम्यावाला म्हणायचा, यंदा पाऊस सरासरीइतका. हा विचारायचा, “कुणाची सरासरी? तुझी का माझी?” बातम्यावाला म्हणायचा, नव्या तंत्रज्ञानामुळे जनतेचा वेळ वाचेल. “वाचलेला ठेवलाय कुठे ते दाखव.” आणि ‘शास्त्रज्ञांच्या मते’ एवढे दोन शब्द कानावर पडले, की हा आवाजच बंद करून टाकायचा. पुढचं वाक्य कधी ऐकायचाच नाही. म्हणायचा, “मी यंत्रं उघडून बघितलेला माणूस आहे. आत काय असतं ते मला विचारा. धूळ!”

गंमत अशी, की बहुतेक वेळा तो चुकायचा. पाऊस सरासरीइतकाच पडायचा. मी तोंडावर तसं म्हटलं तर डोळे बारीक करून म्हणायचा, “पाडला असेल.”

एजंट हसला. “आमच्या धंद्याला असली माणसं म्हणजे साडेसातीच. मरणावरसुद्धा शंका घेतात.”

“मरणावर नाही घ्यायचा,” मी म्हटलं. “औषधावर घ्यायचा.”

कारण वहिनीला, म्हणजे हिच्या आईला, दम्याचा त्रास होता. आमचं शहर धुराचं. नदीकाठानं भट्ट्या, भट्ट्यांमागे वीजघर, वीजघरामागे राखेचा डोंगर. सकाळी पांढरा शर्ट वाळत घातला की संध्याकाळी राखाडी काढून आणायचा. डॉक्टरनं वहिनीला तोंडात मारायचा पंप दिला होता. शंकासुरानं तो याच टेबलावर उघडला, वास घेतला, कानाशी हलवला आणि निकाल दिला. “आत नुसता वारा आहे. डब्यात भरून वारा विकतात लेकाचे. वर सवय लागते ती वेगळीच.” पंप गेला खणात. त्याच्या जागी आला शंकासुरानं स्वतः बनवलेला टेबलफॅन, पुढं ओलं फडकं बांधलेला.

वहिनी त्या फडक्यासमोर बसून खोकायची आणि म्हणायची, “आता माझ्या खोकल्यावरही शंका घ्या, म्हणजे संसार सुफळ झाला.”

“घेतली होती,” हा गंभीरपणे सांगायचा. “आठवडाभर. पण खोकला खरा निघाला.”

असं ते जोडपं. तिला चहात साखर घातलीय हेसुद्धा पुराव्यानिशी शाबीत करावं लागायचं. आणि तिचं तोंड असं, की ती ते करायची आणि वर त्याला उलटतपासणीत पाडायची.

“पंप मी चोरून द्यायचे,” भिंगामागून लेक म्हणाली. “बाबा दुकानात उतरले की.”

मग चौकात सरकारी नाक आलं.

कागदावर त्याला भलंमोठं नाव होतं. हवेत काय काय मिसळलंय ते हुंगून सांगणारं यंत्र. उंच खांब, खांबावर जाळीची पेटी आणि पेटीवर फलक. हवा बरी असली की फलक हिरवा, बिघडली की पिवळा, वाईट झाली की लाल. पेटी सारखी सूं सूं करत हवा ओढायची, म्हणून लोक नाक म्हणायला लागले. मंत्री येऊन फीत कापून गेले. बातम्यांत आलं, की आता हवेलाही धोरण आहे. फलक लाल झाला, की भट्ट्या थंड करायच्या, मालट्रक वेशीबाहेर थांबवायचे, आणि नदीपलीकडे टेकडीवरच्या सरकारी दवाखान्यात श्वासकक्ष उघडायचा. कोऱ्या खाटा, प्रत्येक खाटेला ऑक्सिजनची नळी, येईल त्याला मोफत. आणि यात कुठेही माणसाचा हात लागणार नाही. नाक हुंगणार, फलक रंग बदलणार, कक्षाचं दार आपोआप उघडणार. माणूस ठेवला की वशिला येतो, म्हणून माणूसच काढून टाकला.

“कल्पना चांगली आहे हो,” एजंट म्हणाला.

“कल्पना एक नंबर. सरकारकडे वाईट कल्पना असतेच कुठे?”

आता या सगळ्यात मी कोण? मी नगरपालिकेचा टँकरवाला. त्याच धोरणात माझ्या टँकरवर एक तोफ बसवून दिली होती, पाण्याचं धुकं उडवणारी. शहरभर फवारत फिरायचं, म्हणजे धूळ खाली बसते. पहिल्या दिवशी अभियंता साहेब केबिनला हात लावून हळूच म्हणाले, “सुरुवात चौकापासून करा.”

“बरं. आणि मग?”

“आधी चौक तर होऊ द्या.”

चौक कधी झालाच नाही. पाणी ओंजळभर आणि शहर समुद्राएवढं. मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत घाण्याच्या बैलासारखा नाकाभोवती गोल गोल. भट्ट्या तिकडे धूर ओकताहेत आणि मी इकडे नाकाला आंघोळ घालतोय. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच. ती म्हण काढणाऱ्यानं माझा टँकर बघितला असणार.

फवाऱ्याचा गुण असा आला, की खांबाच्या बुडाशी शेवाळ उगवलं. शेवाळात बेडूक आले. बेडकांमागे बगळा आला. भट्टीवरचा एक कोळसेवाला जाता-येता खांबाखाली उभा राहायचा, तो एवढा धुतला गेला की घरी बायकोनं ओळखलं नाही. शेजारणीनं ओळखलं, त्यावरून पुढे बरंच झालं, पण ती गोष्ट वेगळी. मग दमेकरी लोक घरून खुर्च्या आणायला लागले. सबंध शहरात श्वास घेण्यासारखी ती एकच जागा! जागेवरून भांडणं, मारामाऱ्या. लग्न जमवताना पोरीकडचे विचारायचे, मुलाची खुर्ची खांबापासून कितव्या रांगेत?

“बेडूक खरे?” एजंटानं विचारलं.

“बेडूक खरे. बगळ्याबद्दल माझा आग्रह नाही.”

“खुर्च्याही खऱ्या,” लेक म्हणाली. “आईची दुसऱ्या रांगेत होती.”

होती. वहिनीचा तो काळ बरा गेला. खुर्चीत बसून शंकासुराला म्हणायची, “बघा, तुमच्या सरकारी नाकाच्या कृपेनं माझं नाक चाललंय.” पण साहेबांच्या लक्षात आलं, की एवढी माणसं जवळ बसून श्वास सोडतात त्यानं नाकाच्या हुंगण्यात बाधा येते. लगेच खांबाभोवती कुंपण आलं, कुंपणाला रखवालदार आला. खुर्च्या घरी गेल्या. बेडूक आत राहिले.

फलक मात्र कायम हिरवा. शहराला बक्षीस मिळालं. बातम्यांत आलं, हवा निम्म्यानं सुधारली. शंकासुर रेडिओवर ओरडला, “अरे कुठल्या निम्म्यानं? खिडकी उघड की!” आणि मी तुम्हाला सांगतो, या खेपेला तो बरोबर होता. तेच त्याला सोसलं नाही. सदा चुकणारा माणूस एकदा बरोबर निघाला, की त्याला वाटतं मागचं सगळंही बरोबरच होतं. पावसाचंही. पंपाचंही.

चहा आला. एजंटानं बशी पुढे ओढली. मी घोटभर घेतला, कारण इथून पुढे घसा लागतो.

हिवाळा आला. आमच्याकडे हिवाळ्यात धूर वर जात नाही, छपरांवर बसकण मारतो. दुपारी दिवे लावायची वेळ आली. फलक हिरवा, आणि त्या हिरव्या उजेडात समोरचा माणूस दिसेना. वहिनीला आडवं होता येईना. भिंतीला टेकून बसायची, दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वर-खाली. अर्धं वाक्य तोंडानं बोलायची, उरलेलं हातानं. मी गेलो की म्हणायची, “भाऊजी, तुमचा मित्र...” आणि हातानं कपाळ दाखवायची. हसायची. हसणं तिला परवडत नव्हतं तरी हसायची.

खणातला पंप बाहेर आला, पण आता पंपानं भागण्यासारखं राहिलं नव्हतं. शंकासुर आणि मी दवाखान्यात विचारायला गेलो. श्वासकक्ष काचेतून दिसत होता. खाटा ओळीनं, चादरी घडी घालून ठेवलेल्या, एकावरही सुरकुती नाही. बाहेरच्या साध्या वॉर्डात जमिनीवर पाय ठेवायला जागा नव्हती. जिकडे बघावं तिकडे माणसं वहिनीसारखी हात गुडघ्यांवर ठेवून बसलेली.

डॉक्टर तरुण होता, डोळे लाल. म्हणाला, “फलक हिरवा आहे. चांगल्या हवेत ज्याला श्वास लागतो, त्याचा दोष प्रकृतीचा धरायचा, असा नियम आहे. त्यानं साध्या रांगेत थांबायचं.”

“काच फोडतो,” शंकासुर म्हणाला.

“मीच फोडली असती. पण दार, दिवे, ऑक्सिजन, सगळं फलकाला जोडलंय. काच फोडून आत गेलात तर नुसती खाट मिळेल. नुसत्या खाटेचं करायचं काय, झोपायचं?” मग त्यानं कागद घेऊन विचारलं, “पंप नियमित चालू होता ना त्यांचा?”

शंकासुरानं त्या कागदाकडे एकदा बघितलं आणि दाराकडे वळला. टेकडी उतरून खाली पुलावर आल्यावर म्हणाला, “तू उद्या फवारा मारू नकोस.”

“नोकरी जाईल.”

“टँकर बिघडला म्हण. मी बिघडवून देतो हवं तर. नाक नुसतं मोकळं सोड. त्याला खरी हवा लागू दे. फलक लाल होईल, कक्ष उघडेल. तिचा श्वास...” आणि त्यानंही वाक्य हातानंच पुरं केलं.

ठरलं ते असं. सकाळी मी चौकात न जाता टँकर घेऊन त्यांच्या दारात उभं राहायचं. टँकरची केबिन उंच आणि काचा घट्ट, रिक्षापेक्षा धूर कमी लागतो. वहिनी आणि लेक माझ्याबरोबर. शंकासुर चौकात नाकावर नजर ठेवणार. फलक लाल झाला, की तो पायवाटेनं जवळच्या पुलावरून टेकडीवर जाणार आणि खाट धरून ठेवणार. आम्ही मोठ्या पुलावरून टँकरनं पोचायचं. लाल रंगाला फक्त मालट्रक अडवतात, नगरपालिकेच्या टँकरला कोण अडवतो?

वहिनीला केबिनमधे चढवताना ती म्हणाली, “लग्नात... गाडी नव्हती...” आणि टँकरकडे हात केला. म्हणजे, आता ही वरात.

इकडे चौकात काय झालं ते मला नंतर रखवालदारानं सांगितलं. फवारा थांबल्यावर फलक थोडा वेळ हिरवा राहिला, मग पिवळा झाला. आणि पिवळ्यावर अडला. अडला म्हणजे काय, त्याचं त्याचं काम चाललं होतं. शेवाळ वाळायला, ओल जायला वेळ लागणार. जेवणाच्या वेळेपर्यंत लाल झालाच असता. मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो, शंकासुर नुसता हाताची घडी घालून उभा राहिला असता तरी झाला असता. नाक कधीच खोटं बोलत नव्हतं. खोटी हवा आम्ही त्याच्यापुढे धरत होतो.

पण ते त्याला कोण सांगणार? ज्या माणसानं जन्मात एकाही यंत्राला आपण होऊन खरं बोलू दिलं नाही, त्याला त्या पिवळ्या रंगात पुन्हा डावच दिसला. “दाबून ठेवलंय,” तो रखवालदाराला म्हणाला. “वरून दाबून ठेवलंय. लाल होऊच देणार नाहीत.” रखवालदार वळून चहाला गेला. शंकासुर दुकानात गेला आणि जुन्या टीव्हींचे सांगाडे, वायरींची भेंडोळी, स्कूटरचं एक टायर, असं हातगाडीवर घालून आणलं, कुंपणावरून नाकाखाली फेकलं आणि पेटवून दिलं.

“अरे बाप रे,” एजंट म्हणाला.

“थांबा. अजून बाप यायचाय.”

काळा लोट थेट जाळीत. फलक लाल झाला. त्यानं तो बघितला आणि तसाच पळत सुटला टेकडीकडे, खाट धरायला. मागं वळून त्यानं बघितलं नाही. बघितलं असतं तर दिसलं असतं, की फलक लालवर थांबला नाही. जांभळा झाला. तो रंग शहरानं कधी बघितलेला नव्हता. पण धोरणात होता. हवा विषारी झाली असं नाकानं म्हटलं की जांभळा, आणि जांभळा झाला की चाक हलायचं नाही. मालट्रकचं नाही, रिक्षाचं नाही, कुणाचंच नाही. सगळ्या पुलांची फाटकं आपोआप खाली. हे बातम्यांत चांगलं समजावून सांगितलं होतं. ‘शास्त्रज्ञांच्या मते’ इथून ते वाक्य सुरू होत होतं.

आम्ही पुलाच्या तोंडाशी होतो. फाटक माझ्या बॉनेटसमोर खाली आलं, हात लांबवला असता तर लागलं असतं. मागं गाड्या येऊन चिकटल्या, मागे फिरायची वाट बंद.

फाटकावर एक पोलीस होता. मी खाली उतरलो. “वर करा हो, आजारी बाई आहे.”

“दिसतंय मला.”

“मग करा की!”

“कशानं करू? हँडल काढून नेलंय. माणसाच्या हातात हँडल असलं की वशिला येतो म्हणे.” त्यानं टोपी काढून केबिनकडे बघितलं, मग परत घातली. “फलक उतरला की आपोआप उचलतं. धूर विरायला हवा.”

धूर कसला विरतोय! टायर एकदा पेटलं की ते स्वतःच्या मर्जीनं विझतं. मी म्हटलं, उचलून नेऊ. लेकीनं एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या बाजूनं. पुढं सगळा चढ, आणि हवा अशी की जिभेला चव लागायची, काळी, रबराची. थोडं चाललो नाही तोच वहिनीचे ओठ निळे पडले. परत आणून केबिनमधे बसवलं, काचा लावल्या. आता बाहेर धूर आणि आत काचा.

आणि टेकडीवर काय चाललं होतं माहीत आहे? श्वासकक्षाचं दार सताड उघडं. दिवे लागलेले. ओळीनं सगळ्या खाटांवरच्या नळ्यांतून ऑक्सिजन सुरू झालेला, फुस्स फुस्स. बाहेरच्या वॉर्डातली जी सरपटत पोचली ती पोचली. बाकी शहरातून कोण येणार, चाकं बंद! शंकासुर धापा टाकत पोचला, दाराजवळची खाट पकडून तिच्यावर बसला. कोणी आलं की दोन्ही हात पसरायचा. “ही धरलीय. आमची माणसं निघालीत. टँकरनं येताहेत.” नळी त्यानं हातात धरून ठेवली होती. स्वतः एक श्वास घेतला नाही तीतून. संपेल म्हणून.

एजंटाचा चहा तसाच राहिला होता, साय धरली होती वर. “मग?” त्यानं विचारलं.

वर रेडिओवर बातम्या चालू होत्या. हवेत आणखी सुधारणा, असं काहीतरी. फळीवर चप्पल घासल्याचा आवाज आला, बस्स. लेकीच्या हातातली गन थांबली होती, टोकाशी एक थेंब जमून चकाकत होता.

मग काय! मी टँकरवाला आहे, विसरलात? मी टपावर चढलो. तोफेचं तोंड वर केलं, थेट चौकाच्या दिशेला, आणि सबंध टाकी एका दमात सोडली. असा फवारा या शहरानं ना आधी बघितला ना नंतर. छपरांवरून, वीजघरावरून, राखेच्या डोंगरावरून पाणी गेलं ते बरोबर नाकाखालच्या जाळावर. चर्रर्र! त्या पोलिसानं सलाम ठोकला. फलक जांभळ्याचा लाल झाला, फाटक वर गेलं आणि मी गियर टाकला. पण घोडं पुन्हा अडलं! पाणी जास्त झालं ना, फलक उतरायला लागला की पिवळ्याकडे. पिवळा झाला तर कक्ष बंद! म्हणजे मागं नाक सुधारतंय आणि पुढं दार मिटतंय. मी ॲक्सिलरेटरवर उभा राहिलो अक्षरशः. टेकडीचा चढ टँकरनं असा घेतला की मागची चाकं जमिनीला नुसती विचारपूस करत होती. दार अर्धं मिटलेलं. मी टँकर तसाच आत घातला, दार एका बाजूनं टँकरला अडकलं, अजून तिथं ओरखडा आहे, जाऊन बघा. शंकासुर खाटेवरून उठला. वहिनीला मी उचलून ठेवली, त्यानं नळी लावली. आणि तिनं, ऐका हो, तिनं एक लांब श्वास घेतला, पुरा, खालपर्यंत, आणि डोळे उघडून पहिल्यांदा अख्खं वाक्य बोलली. म्हणाली, “काय हो, ही खाट तरी खरी आहे ना, का...”

“खोटं,” शंकासुराची लेक म्हणाली. “टँकर फाटकावरून हललाच नाही, काका. अंधार पडेपर्यंत तिथंच उभा होता. आईचं डोकं माझ्या मांडीवर होतं.”